सावरडोला आपली हवा मानवत नाही म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरत आला. त्यात म्हटलं होतं, सावरडो हा थंड देशांतला पाव, आपल्या उन्हाळ्यात त्याचा स्टार्टर (पीठ-पाणी आंबवून केलेलं पावाचं विरजण) नासतो. तो जगवायला रोज पीठ घाला आणि रोज अर्धा फेका. बिडाचं जाड झाकणाचं भांडं, मळायचं यंत्र आणि वेताची टोपली नसेल तर या भानगडीत पडू नका. खायचाच तर विकत आणून खा, त्यात ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नसतं, गव्हाचं पथ्य असलेल्यांनाही चालतो. नागपुरात सहा वर्षं माझी बरणी चालू आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

थंड देशांतला? गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पिढ्यान्‌पिढ्या माडाच्या सुरेनं पावाचं पीठ फुगवत असत. आणि उन्हाळ्यात इडलीचं पीठ लवकर फुगतं हे कोणाला सांगायला नको. स्टार्टरमधलं यीस्ट आणि आंबवणारे जिवाणू पंचवीस-तीस अंशांत खूश असतात, त्याहून वर गेलं की घाई करतात.

माझ्या पहिल्या मे महिन्यात रात्री बरणीत स्टार्टर, कणीक, पाणी सारख्याच वजनाचं घातलं आणि झोपले. सकाळी झाकण बाजूला, ओट्याच्या कडेवरून खाली वाळलेला ओघळ, आणि वास थेट नेलपॉलिशचा. नासला समजून ओतणार होते. पण तो वास भुकेचा असतो, वर साचणारं करडं पाणीही भुकेचंच. गुलाबी किंवा नारिंगी छटा, नाहीतर बुरशी दिसली तर मात्र अख्खी बरणी फेकायची, हळहळायचं नाही. आता उन्हाळ्यात १० ग्रॅम स्टार्टरला ५० ग्रॅम कणीक आणि माठातलं ५० ग्रॅम पाणी घालते. बरणीला रबर लावून खूण करायची, दुप्पट झाला की फ्रिजमध्ये.

खरी फसगत नवा स्टार्टर लावताना होते. दुसऱ्याच दिवशी तो फसफसून वर येतो, आपण हरखतो. ते यीस्ट नसतं, पिठातले दुसरेच जिवाणू असतात. आंबटपणा वाढला की ते थंडावतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी मेल्यासारखी पडून राहते. मेसेज लिहिणाऱ्याचं बहुधा इथंच बिनसलं. खाऊ घालत राहायचं, आठवडा-दहा दिवसांत यीस्ट जोर धरतं.

रोज अर्धा फेकायचा हे बरणीभर पाळणाऱ्यांचं दुखणं. मी वाटीत मावेल एवढाच ठेवते. फ्रिजमध्ये आठवड्यातून एकदा खायला घातलं तरी भागतं, उरलेला धिरड्यात जातो.

भांड्यांचं म्हणाल, तर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा घ्याच, वाटीच्या मापानं पाणी चुकतं. ३५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम चक्कीची कणीक, ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम स्टार्टर (मे महिन्यात निम्मा). हे हातानं कालवून अर्ध्या-अर्ध्या तासानं तीन-चार घड्या घातल्या की यंत्राची गरज पडत नाही. टोपलीऐवजी पीठ भुरभुरलेलं फडकं घातलेली पोळ्यांची चाळणी चालते. बिडाच्या भांड्याचं काम एकच: पावातून निघणारी वाफ सुरुवातीची वीस मिनिटं कोंडून ठेवणं, म्हणजे वरचं कवच लवकर न वाळता पाव फुलतो. ते काम ओटीजीत तापवलेल्या ट्रेवर पालथं घातलेलं जाड स्टीलचं पातेलं करतं. पातेल्याला प्लास्टिकची मूठ नको. मात्र नुसत्या कणकेचा पाव विटेसारखा बसतो. कोंडा ग्लुटेनची जाळी कापतो. मेसेजनं हे सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती.

शेवटचा मुद्दा धोक्याचा आहे. आंबवल्यानं ग्लुटेन काही प्रमाणात मोडतं, संपत नाही. पाव गव्हाचा, म्हणजे ग्लुटेन आलंच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला ग्लुटेन न चालण्याचा आजार, म्हणजे सिलिअ‍ॅक आहे. मेसेज वाचून त्या लगेच वर आल्या, "मग तुझा पाव त्याला देऊ ना गं?" म्हटलं, "काकू, तुकडासुद्धा नको. आणि त्याच्या भाकरीची ज्वारी कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हामागोमाग दळून आणत असाल, तर तीही नको." काकू मटकन खाली बसल्या. ज्वारी तिथूनच येत होती.