गोड लागलं म्हणजे नापास

तोंडावर एन ९५ मास्क, डोक्यावर पारदर्शक हूड, आणि समोरची फिट टेस्ट (मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ते बघायची) घेणारी बाई हूडच्या भोकातून सॅकरीनचा फवारा मारतेय. चव लागली की हात वर करायचा एवढंच सांगितलेलं. मान डावीकडे उजवीकडे केली, वर खाली केली, काही नाही. मग म्हणाली आता शंभरपासून उलटे आकडे मोजा, मोठ्याने. एक्याण्णवला पोचले आणि जिभेवर गोड. हात वर. म्हणजे कडेने हवा आत येतेय, नापास.

हे झालं नर्सच्या नोकरीच्या अकराव्या वर्षी. त्याआधीची दहा वर्षं, त्यातली पाच टीबी वॉर्डात, मी हाच मास्क ह्याच साइजचा घालून अगदी निर्धास्त फिरत होते. चष्म्यावर वाफ यायची तर चष्म्याला शिव्या द्यायचे. अगं वाफ वर येतेय म्हणजे नाकाशी फट आहे ना, आणि जिथून हवा बाहेर जाते तिथूनच आतही येते. पण हे कुणी कधी सांगितलंच नाही. इंडक्शनला हात धुवायच्या पायऱ्या पाठ करून घेतल्या, मास्कच्या बाबतीत मात्र 'स्टोअरमधून घ्या' एवढंच.

म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय, कंटाळा आला तर सोडून द्या.

९५ हा आकडा कापडाचा आहे, तुमच्या चेहऱ्याचा नाही. लॅबमध्ये तो मास्क मशीनवर कडा पक्क्या बंद करून लावतात आणि साधारण ०.३ मायक्रॉनचे कण सोडतात, त्यातले निदान ९५ टक्के अडले तर तो पास. आणि हे कण मुद्दाम निवडलेले आहेत, कारण अडवायला सगळ्यात अवघड तेच. लोकांना वाटतं मास्क म्हणजे चाळणी, विषाणू बारीक म्हणून पार निघून जाणार. तसं नसतं. मोठे कण तंतूंवर आपटून अडकतात, अगदी बारीक कण हवेत वेडेवाकडे फिरत फिरत तंतूंना जाऊन चिकटतात, मधल्या साइजचेच त्यातल्या त्यात निसटतात, आणि त्यांनाही ओढून धरायला कापडावर विजेचा भार दिलेला असतो. (हा भार अल्कोहोलने जातो. २०२० मध्ये आम्ही रोज ड्युटी संपली की मास्कवर भरभरून सॅनिटायझर मारायचो, तेव्हा आपण नेमकं काय मारतोय हे आता कळतं.)

पण चेहरा म्हणजे मशीन नाही. माझं नाक बुटकं, हनुवटी लहान, बोलताना जबडा हलतो. कडेने फट पडली की हवा कापडातून कशाला जाईल, ती सोपी वाट धरते. मग आतला फिल्टर कितीही भारी असू दे. सर्जिकल मास्कचं तर कामच वेगळं, तो मुळात तुमच्या तोंडातले थेंब पेशंटवर उडू नयेत म्हणून, तो चेहऱ्याला घट्ट बसवायचा असतो असं त्याच्या डिझाइनमध्येच नाही. तरी आजही दोन्हीला 'मास्क' म्हणतात आणि एक संपला की दुसरा हातात देतात.

अमेरिकेत १९९८ पासूनचा नियम आहे, असा घट्ट बसणारा रेस्पिरेटर (म्हणजे एन ९५ सारखा मास्क) लावायला सांगायचा असेल तर आधी फिट टेस्ट, मग दरवर्षी परत, आणि खर्च मालकाचा. वजन बरंच वाढलं उतरलं, दातांचं मोठं काम झालं तरी परत करायची. अमुक मॉडेल अमुक साइज तुला बसतं, तेच घे, हे त्यातून ठरतं. फिट टेस्ट झालेला एन ९५ नीट घातला तर बाहेरच्या हवेतले जेवढे कण, त्यांचा जास्तीत जास्त दहावा हिस्सा आत येतो असं धरतात. टेस्ट नसेल तर काय धरायचं? नशीब धरायचं.

सीनियर लोक म्हणतात आम्ही एवढी वर्षं काढली, काही झालं नाही. ज्यांना झालं ते सांगायला नसतात हो. १९१०-११ ला चीनमधल्या मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला तेव्हा वू लिएन-तेह नावाचा जेमतेम एकतिशीचा डॉक्टर सांगत होता की हा श्वासातून पसरतोय, कापसाच्या थराचा गॉझ मास्क बांधा. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरला ते पटलं नाही, तो वयाने आणि अनुभवाने मोठा, तो मास्क न लावता पेशंटमध्ये गेला आणि थोड्याच दिवसांत त्याच प्लेगने गेला. मला हा मेस्नी अधूनमधून राउंडला भेटतो, वेगवेगळ्या चेहऱ्यांचा.

२००३ च्या सार्सच्या साथीत जगभरात ८,०९६ केसेस, त्यात १,७०६ आरोग्य कर्मचारी. म्हणजे पाचातला एक आपल्यातला. कॅनडात ऑन्टारिओमध्ये त्यावर चौकशी आयोग बसला, न्यायमूर्ती कॅम्पबेल यांचा, आणि त्यांनी साफ सांगितलं की विज्ञानाची पूर्ण खात्री होईपर्यंत थांबू नका, धोका वाटतोय तर आधी माणसं वाचवा. तरी २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेचं ट्विट काय, तर कोविड हवेतून पसरत नाही. फॅक्ट म्हणून, ठळक अक्षरात. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांना पत्र लिहावं लागलं की अहो पसरतो. आणि त्याच संघटनेचा नंतरचा अंदाज, जानेवारी २०२० ते मे २०२१ मध्ये जगभर साधारण १,१५,००० आरोग्य कर्मचारी गेले. ते सगळे मास्कमुळेच वाचले असते असं मी म्हणत नाही, लागण घरी होते, बाहेर होते, जेवणाच्या खोलीत मास्क काढून गप्पा मारताना तर हमखास होते. पण 'एरोसोल वाली (म्हणजे हवेत बारीक थेंब उडवणारी) प्रोसीजर असेल तरच एन ९५' हा नियम ज्याने कुणी काढला त्याने खोकणाऱ्या पेशंटला आडवं करून बेडपॅन दिलेलं नसणार.

आता दुसरी बाजू पण सांगते. घुसमटतं, खरंच घुसमटतं. नाकावर वळ उठतात, आठ तास घातला की डोकं ठणकतं, पाणी प्यायचं राहून जातं. जी म्हणते मला नाही सहन होत, ती नाटक करत नाही. आणि रेस्पिरेटर हा शेवटचा उपाय असायला हवा, आधी हवा खेळती पाहिजे, संशयित पेशंट वेगळ्या खोलीत पाहिजे, त्या खोलीत तासाला बारा वेळा हवा बदलली पाहिजे. आमच्याकडे उलटं, खिडक्या एसीसाठी बंद आणि मास्क लावा सिस्टर, काळजी घ्या सिस्टर. काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

दाढीवाल्या डॉक्टरांना राग येतो पण सांगतेच, मास्कच्या कडेखाली खुंट असले तरी सील होत नाही. दाढी ठेवायचीच असेल तर बॅटरीवर चालणारा, हवा फुंकणारा हूड मिळतो, तो मागा. आणि घातल्यावर दर वेळी दोन्ही हात मास्कवर धरून जोरात श्वास सोडून बघा, कडेने वारा लागला तर परत बसवा. दहा सेकंद लागतात. ही काही फिट टेस्ट नाही, पण निदान पट्टा पिळलाय का ते कळतं.

मला शेवटी दुसऱ्या मॉडेलचा स्मॉल बसला, शंभरापासून एकापर्यंत मोजले, काहीही गोड लागलं नाही. बाहेर आले तर आमच्या वॉर्डच्या मावशी दारात, कचऱ्याच्या पिशव्या घेऊन. थुंकीची भांडी त्या उचलतात, चादरी त्या झटकतात, आणि टेस्टच्या यादीत त्यांचं नावच नाही, कारण त्या कंत्राटी. मी त्या बाईला म्हटलं ह्यांची पण घ्या. ती म्हणाली यादीत नाहीत. म्हटलं पाच मिनिटं हूड घाला हो, यादीचं मी बघते.

मावशींना मान वळवायच्या आधीच गोड लागलं. हसायला लागल्या, म्हणाल्या सिस्टर, साखर कशाला मारताय.

त्यांच्यासाठी एक्स्ट्रा स्मॉलचा इंडेंट (स्टोअरकडे मागणी) टाकलाय. स्टोअरने 'कुणासाठी' विचारून परत पाठवला. काल पुन्हा टाकला.