सहीसाठी थांबता येते, मग सांगण्यासाठी का नाही?

आज बेळगावच्या एका खासगी इस्पितळातून डोके तापवूनच परतलो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या आत्याला पहाटेपासून पोटात असह्य कळा येत होत्या. आतडे फुटल्याचे निदान होऊन तातडीची शस्त्रक्रिया ठरली, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आत्या पूर्ण शुद्धीवर होती, स्ट्रेचरवरून "काय कापणार आहेत रे?" असे विचारत होती, तिला उत्तर न देता "पेशंटबरोबर पुरुष माणूस कोण आहे?" असा पुकारा झाला आणि कन्नड-इंग्रजीत छापलेले संमतीपत्र माझ्यापुढे सरकवण्यात आले. फुल्या मारल्या आहेत तिथे सह्या करा, एवढाच खुलासा.

रुग्ण बेशुद्ध असेल आणि संमती द्यायला वेळेत कोणी सापडत नसेल, तर त्याच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चे संरक्षण आहे. म्हणजे खरोखर क्षणाचाही अवधी नसेल तेव्हा कायदा सहीसाठी अडून बसत नाही. मग जिथे सहीसाठी थांबता येते, तिथे दोन वाक्ये बोलण्यासाठी का थांबता येऊ नये? आणि शुद्धीवरच्या, सज्ञान बाईच्या पोटाबद्दल भाच्याची सही कशाला? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट सांगितले आहे, की केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढता येत नाही, कारण तिच्या जिवाला तत्काळ धोका नव्हता आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. तिथे जन्मदात्या आईची संमती चालली नाही, मी तर भाचा!

नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात, म्हणून ते आधी कागद सुरक्षित करतात, हे मान्य.

पण त्याच गडबडीत हुबळीकडचा एक शिकाऊ डॉक्टर आत्याजवळ वाकला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "आज्जी, आतड्याला भोक पडलंय, ते शिवणार. कदाचित पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल." आत्याने विचारले, "कायमची?" तो म्हणाला, "बहुतेक नाही, नंतर काढतात." मग ती "करा" म्हणाली. याला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्या पोराचे मनापासून कौतुक वाटले, आणि बाकीच्यांचा राग दुप्पट झाला, कारण पिशवीचा उल्लेख मी सही केलेल्या कागदावर बारीक इंग्रजीत होता आणि मला तो कोणीही दाखवला नव्हता.

कृपया यात सीमाप्रश्न ओढू नका. कन्नड कागद जरूर ठेवा. त्याला मराठी पान जोडा, आणि शुद्धीवरच्या रुग्णाची सही किंवा अंगठा आधी घ्या, आमच्यासारख्यांची नंतर.