वर्गणी दिली, आरती केली नाही. आणि आईला लोणंदला सोडायलाही मीच जातो

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकानं विचारलं, देव मानत नाहीस तर वर्गणी कशाला दिलीस. आणि दोन महिन्यांपूर्वी आमच्याच विचारांच्या एका मित्रानं विचारलेलं, देव मानत नाहीस तर आईला वारीला सोडायला का जातोस. दोघांना वेगवेगळं उत्तर द्यायचा कंटाळा आला म्हणून इथंच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी गणपतीत खुर्च्या लावतो, मांडवाचं वायरिंग बघतो, महाप्रसादाला वाढायला उभा राहतो. आरतीला मात्र मागं हाताची घडी घालून उभा असतो, कुणाला त्रास नाही काय नाही. गेल्या वर्षी एका काकांनी सगळ्यांसमोर ताट माझ्या हातात दिलं, "ओवाळ की, हात झडत नाहीत." मी ताट घेतलं आणि शेजारच्या पोराकडं दिलं. झालं, पुढं दोन दिवस ग्रुपवर "काही लोकांना..." असे मेसेज. काही लोक म्हणजे मीच, एकटा!

आता मीपण काय लई समंजस नव्हतो. कॉलेजात असताना आईला म्हटलेलं, एवढी वारी करतेस मग विठोबा बाबांचं बीपी का कमी करत नाही. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्याला गोळ्या आहेत की. विठोबाला तेवढंच काम हाय व्हय?" मी युक्तिवादाच्या तयारीत होतो आणि समोर भांडायला कुणीच नव्हतं. आमच्या त्या मित्राला हे कळत नाही, त्याला वाटतं आई अडाणी आहे आणि मी घाबरट.

साताऱ्यातनं वाठारवरून लोणंद तास-सव्वा तास. नीरेत पादुकांचं स्नान झालं की पालखी आपल्या जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम, तिथं आई तिच्या दिंडीत जाते. तिची वळकटी, गोळ्यांचा डबा, चार्जर सगळं मीच टेम्पोत चढवतो. यंदा सामान चढवून वळलो तर सत्तरीचा एक म्हातारा वाकून माझ्या पाया पडला. मी दचकून मागं झालो, म्हटलं बाबा, मी वारकरी नाही, मी मानतपण नाही. तो म्हणाला, "मी इचारलं का माऊली?" आणि गेला पुढं पाण्याच्या टँकरकडं.

मला काकांचं ताट आठवलं.

साताऱ्यात राहून अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या नरेंद्र दाभोलकरांबद्दल न बोलता हा विषय पुरा होत नाही. आयुष्यभर त्यांना देवाधर्माचा शत्रू ठरवलं, आणि ते सांगत राहिले की आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर लुबाडणाऱ्यांशी आहे. जादूटोण्याविरोधी कायदा आला तर वारी बंद होणार, कीर्तन बंद होणार, अशी भीती वारकऱ्यांमध्ये इतकी पसरवली की काही वारकरी संघटनाच विरोधात उतरल्या. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या. डिसेंबरात कायदा झाला. त्यात साफ लिहिलंय, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. आईची वारी त्यानंतरही दरसाल चालूच आहे, विचारा तिला कुणी अडवलं का.

आणि कराडजवळच्या टेंभूचे समाजसुधारक आगरकर, त्यांची तर पुण्यात जिवंतपणीच प्रेतयात्रा काढलेली लोकांनी. म्हणून "दोन्ही बाजूंनी समजून घ्यावं" असं गुळमुळीत मी लिहिणार नाही. माझ्या मित्राचा टोमणा आणि ती गोळी यांची बरोबरी होत नाही. टोमणा वाईटच, पण त्यानं कुणी मरत नाही.

घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म पाळायचं स्वातंत्र्य आहेच, पण त्याच्याही आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलंय. म्हणजे काकांनी ओवाळावं आणि मी मागं उभं राहावं, दोन्ही त्यातच बसतं. उद्या कुणी आजारी माणसाला दवाखाना सोडून भोंदूबाबाकडं न्यायला लागलं तर तिथं मात्र मी आडवा येणार, मग काकांना कितीही राग येऊ दे.

तर मित्रा, आईला मी का सोडतो? तिचे गुडघे दुखतात आणि गाडी माझ्याकडं आहे, एवढंच. आणि वर्गणीचं म्हणाल तर मांडवात माझी पोरगी नाचते, लाईट मीच लावलेली असते, मग पैसे बाकीच्यांनीच द्यायचे होय?

यंदा आई पंढरपूरहून आली तेव्हा दारातच सगळ्यांना बुक्का लावत सुटली. माझ्यापाशी आल्यावर बोट तसंच धरून म्हणाली, "लावू का?" दरवर्षी विचारते. कधी मी हो म्हणतो, कधी नाही. यंदा नको म्हटलं. तिनं बोट स्वतःच्याच कपाळाला पुसलं आणि चुरमुऱ्याची पिशवी माझ्या हातात दिली, "हे धर, सांजच्याला भेळ करा."