‘तीनदा रिट्राय लावा आणि निवांत झोपा’ म्हणे!

डेव्हलपर मंडळींमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: प्रत्येक असिंक कॉल (ज्याचं उत्तर नंतर येतं, जसं सर्व्हरला विचारणं) रिट्रायच्या रॅपरमध्ये, म्हणजे फेल झालं की तोच कॉल पुन्हा करणाऱ्या फंक्शनमध्ये टाका, तीन प्रयत्न ठेवा, ॲप भरवशाचं होतं. सोबत जावास्क्रिप्टच्या सात-आठ ओळीही असतात.

‘हा कोड कुठेही चालतो.’ आधी त्याला काय देताय ते बघा. बरेच जण थेट प्रॉमिस देतात, म्हणजे आधीच सुरू झालेल्या कामाचं उत्तर पुढे जिच्यात येणार ती वस्तू. प्रॉमिस एकदा रिजेक्ट, म्हणजे फेल झालं की संपलं. त्यावर तीनदा अवेट लावा (उत्तराची वाट बघा), तीच एरर तीनदा मिळेल. सर्व्हरकडे दुसरी रिक्वेस्ट जाणारच नाही. द्यायचं असतं फंक्शन, म्हणजे दर खेपेला नवं प्रॉमिस तयार होतं. शिवाय रिक्वेस्ट पाठवायला जावास्क्रिप्टचं फेच वापरत असाल तर सर्व्हरने 500 (सर्व्हरमधली एरर) दिला तरी प्रॉमिस रिजेक्ट होत नाही, उत्तरातला ‘ओके’ आपणच तपासायचा असतो. तो तपासला नाही तर रॅपर नुसतं शोभेला.

‘फेल झालं की पुन्हा मारा.’ 400 (रिक्वेस्टच चुकीची) किंवा 404 (सापडलं नाही) ला पुन्हा विचारून उत्तर सहसा बदलत नाही. 429 (फार रिक्वेस्ट आल्या) आणि 503 (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) ची गोष्ट वेगळी. तिथे कधीकधी ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर किती थांबायचं तेही सांगतो. तो वाचणारे मात्र कमीच.

‘पुन्हा केल्याने बिघडतंय काय?’ सगळ्यात महागात पडतो तो हा दावा. टाइमआउट झाला, ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालं नाही, असं नव्हे. पेमेंट झालेलं असतं, फक्त उत्तर वाटेत हरवलेलं असतं. तुम्ही पुन्हा पोस्ट रिक्वेस्ट पाठवता आणि पैसे दोनदा कापले जातात. एचटीटीपीत, म्हणजे वेबवरच्या रिक्वेस्टच्या नियमांत, गेट (वाचणं), पुट (दिलेलं ठेवणं), डिलीट (काढणं) एकदा केलं काय नि दहादा केलं काय, अपेक्षित परिणाम एकच. पोस्टला ती हमी नाही. म्हणून सोबत ‘आयडेम्पोटन्सी की’, म्हणजे त्या एका कामाचा ओळख-क्रमांक पाठवायचा, म्हणजे ती ओळखणारा सर्व्हर तेच काम दुसऱ्यांदा करत नाही. पण ही ‘की’ पुन्हापुन्हा प्रयत्न करणाऱ्या लूपच्या बाहेर, पहिल्या प्रयत्नाआधी बनवायची. लूपच्या आत बनवलीत तर दर खेपेला नवी ‘की’, म्हणजे सर्व्हरच्या लेखी नवं पेमेंट. प्रॉमिस रेसने (रिक्वेस्ट आणि घड्याळ यांत जे आधी संपेल ते घेऊन) लावलेला टाइमआउटही फसवा: आपण वाट बघणं थांबवतो, जुनी रिक्वेस्ट चालूच राहते. ॲबॉर्ट कंट्रोलरने ती आपल्या बाजूने तोडता येते, तरी सर्व्हरने काम थांबवलं असेलच असं नाही.

‘तीनच तर प्रयत्न.’ फ्रंटएंडचे तीन, मधल्या गेटवेचे तीन, मागच्या सर्व्हिसचे तीन, आणि वरच्या थराच्या दर प्रयत्नामागे खालचा थर पुन्हा तीनदा. डेटाबेस आधीच धापा टाकत असताना एका क्लिकमागे त्याच्यावर 27 क्वेरी येऊन आदळतात. रिट्राय एकाच थरात ठेवा. मधली वेळ दुप्पट करत न्या, 100 मिलिसेकंद, 200, 400, आणि तिच्यात थोडा रँडमपणा घाला. नाहीतर एकदम पडलेले सगळे क्लायंट एकदमच परत येतात. जुन्या इथरनेटमध्ये, म्हणजे एकाच केबलवरच्या नेटवर्कमध्ये, दोन संदेशांची टक्कर झाल्यावर नेटवर्क कार्डं हेच करायची, आणि 16 प्रयत्नांनंतर तीही नाद सोडायची.

‘युजरला कळणारही नाही.’ खरंय. नेटवर्कने क्षणभर दगा दिला तर रिट्राय हवाच, मीही लावतो. पण प्रत्येक प्रयत्न लॉगमध्ये पडत नसेल, तर रोज तिसऱ्या खेपेला कसाबसा पास होणारा कॉल डॅशबोर्डवर हिरवागार दिसतो, आणि तुम्हालाही कळत नाही.