फसवणूक निर्विघ्न पार पडावी म्हणून

आपल्या खात्यातील रक्कम एखाद्या अनोळखी गृहस्थाच्या हवाली करण्याचा आपला निश्चय झालाच असेल, तर या कार्यात पहिले विघ्न आपल्याच ब्राउझरकडून येईल, हे आधी ध्यानात घ्यावे. ‘मागील महिन्याचे बिल न भरल्यामुळे आज रात्री ९.३० वाजता आपला वीजपुरवठा खंडित होईल’ असा महावितरणच्या नावाने निरोप येतो, खाली लिंक असते, आपण धास्तावून ती दाबता, आणि बिलाऐवजी समोर ‘ही साइट धोकादायक आहे’ असा इशारा देणारे लालभडक पान उभे राहते. ही करामत ‘सेफ ब्राउझिंग’ या गूगलच्या यंत्रणेची. फायरफॉक्स आणि सफारीही तिचाच आधार घेतात, तर एजमध्ये मायक्रोसॉफ्टची ‘स्मार्टस्क्रीन’ तेच काम करते; त्यामुळे ब्राउझर बदलून हा ससेमिरा चुकेल अशी आशा बाळगू नये.

त्या लाल पानावर मागे फिरण्याचे बटण ठळक असते आणि पुढे जाण्याची वाट मात्र ‘तपशील’ या बारक्या शब्दामागे दडवलेली असते. विम्याचे कागद, भाडेकरार, कर्जाच्या अटी यांचे तपशील आपण आजवर कधी उघडले नसतील, पण येथे ते अवश्य उघडावेत, खाली सरकत शेवटच्या ओळीपर्यंत जावे आणि धोका पत्करून साइट पाहण्याची मुभा देणारी ती चिमुकली लिंक शोधून दाबावी. एवढी चिकाटी आपण खरे बिल वेळेवर भरण्यात दाखवली असती तर हा प्रसंगच आला नसता, पण तो विषय वेगळा.

पूर्वी हे सारे सोपे होते. धोकादायक पत्त्यांची यादी ब्राउझर संगणकातच साठवून ठेवी आणि ती अर्ध्या ते एका तासाने ताजी होई; उलट घातक साइटचे सरासरी आयुष्य १० मिनिटांपेक्षाही कमी असते, असे गूगलनेच नमूद केले आहे. म्हणजे चोर हात साफ करून वेशीबाहेर पडल्यावर रखवालदाराच्या हाती त्याचे वर्णन पडत असे. मार्च २०२४ मध्ये मात्र क्रोमने अनोळखी पत्त्याची तिथल्या तिथे चौकशी करण्याची सोय जाहीर केली, आणि तीही अशी की पत्त्याच्या सांकेतिक रूपाचा केवळ एक तुकडा मध्यस्थामार्फत गूगलकडे जातो. ही अडचण दूर करण्यासाठी सेटिंग्जमध्ये संरक्षण पूर्णपणे बंद करण्याचा पर्याय आहे. कोणी कारण विचारलेच, तर आपल्याला खासगीपणाची फार काळजी आहे असे सांगावे. ‘मागील जन्मी आपण कोण होता’ हे जाणून घेण्यासाठी आपण परवाच जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक कुठे कुठे भरला, हे त्या वेळी आठवू नये.

लाल पान आलेच नाही, तर साइट सच्ची असल्याचे प्रमाणपत्र मिळाले असे समजावे. रखवालदाराला अजून चोर ओळखता आला नाही, एवढाच त्या शांततेचा अर्थ असू शकतो, हा कुतर्क मनात आणू नये. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही आपली श्रद्धा असेलच. ते कुलूप केवळ मधल्या वाटेवर कोणी आपला मजकूर वाचत नाही एवढेच सांगते, पलीकडे कोण बसले आहे ते नव्हे, आणि त्या कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळते. गूगलच्या २०२१ मधील पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ केवळ ११ टक्के लोकांना ठाऊक असल्याचे आढळले, म्हणून २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकले. श्रद्धेला धक्का देणाऱ्या अशा कृत्यांचा आपण निषेध नोंदवावा.

पत्ता वाचण्याची वेळ आलीच, तर तो डावीकडूनच वाचावा. ‘महाडिस्कॉम डॉट इन डॉट बिलभरणा डॉट टॉप’ असे दिसले की पहिल्या दोन शब्दांवर, म्हणजे महावितरणच्या खऱ्या पत्त्यावर, समाधान मानून थांबावे. साइटचा खरा मालक शेवटच्या तुकड्यांत, उजवीकडे असतो, आणि डावीकडे कोणाचेही नाव लावायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर यायला सांगितले, ते याच कारणासाठी. तेव्हा उजव्या टोकाकडे नजर गेल्यास ती तातडीने वळवावी.

सर्वांत हट्टी मात्र पासवर्ड साठवणारे साधन. डोळ्यांना बँकेचे बोधचिन्ह, रंग, अक्षरे सगळे हुबेहूब दिसत असताना ते आपले मख्ख बसते आणि पासवर्ड भरून देत नाही, कारण ते चित्र पाहत नाही, पत्ता जुळवून पाहते. अशा वेळी ‘हे बिघडलेले दिसते’ असे पुटपुटत पासवर्ड स्वहस्ते टंकावा. इतका अचूक इशारा याहून कमी शब्दांत कोणी देत नसेल, म्हणूनच तो ऐकू येत नाही.

एवढ्यावर मन न भरल्यास सुरक्षेच्या नावाखाली मिळतील तितकी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी साधने, बसवावीत आणि ‘सर्व साइटवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी’ प्रत्येकाला सढळ हाताने द्यावी. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या माहितीसुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला क्रोमच्या एक्स्टेन्शन दालनाच्या नावाने ‘नियमभंग झाला आहे’ अशी फसवी ईमेल आली. त्याने मागितलेली परवानगी दिली, आणि नाताळाच्या सुट्टीत त्यांचेच एक्स्टेन्शन घातक रूपात ग्राहकांपर्यंत पोहोचले. कुंपणाने शेत खाल्ल्याचे इतके ताजे उदाहरण असताना आपण निराश होण्याचे कारण नाही.

सारे यथासांग पार पडल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर लगेच फोन करण्याचा मोह होईल. पण तसे केल्यास पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतानाच गोठवले जाण्याची शक्यता असते, म्हणून दोन दिवस ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार करावा. फसवी साइट सेफ ब्राउझिंगला कळवण्याचा फॉर्म तर चुकूनही भरू नये. तो भरायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि मग हीच लिंक उद्या मामेभावाने उघडली की त्याच्यासमोर लाल पान येईल. ‘कोणाला असा मेसेज आला आहे का?’ असे विचारत ती आपण नुकतीच कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवली आहे ना.