समतावादी सोसायटीत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट घेतलात? अभिनंदन! आमच्या सोसायटीत सगळे समान आहेत. जात कोणी मानत नाही, आडनाव फक्त नेमप्लेटसाठी विचारतात. तरी काही सूचना.

वॉचमनला 'काका' म्हणा. मग खुर्ची नाही दिली तरी चालतं.

मावशींना 'आमच्या घरातल्याच' म्हणा. त्यांचा कान तुटलेला कप मात्र गॅलरीत, कुंडीमागे.

२६ जानेवारीला उद्देशिका वाचताना 'दर्जाची व संधीची समानता' इथे आवाज चढवा. सतरंज्या घालणारी पोरं तेव्हा मागे उभी असावीत, फोटोत येतात.

आता लिफ्ट. लिफ्ट दोन आहेत, एक माणसांची आणि एक 'सर्व्हिस'ची. सर्व्हिसमधून सिलिंडर, सोफे आणि मावशी जातात. (कुत्रीही जायची, पण गेल्या सभेत त्यांना बढती मिळाली.) मंगळवारी ती बंद पडली. आमच्या मावशी फुलेनगरहून येतात, पाच घरची धुणीभांडी, गुडघ्याला पट्टा. मी सातव्या मजल्यावर. घेतलं त्यांना माणसांच्या लिफ्टमध्ये. आत भिंतभर आरसा, पण मावशींनी मान वर केली नाही. पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात उभ्या. घरात पाय ठेवतोय तोच ग्रुपवर मेसेज: 'कृपया नियम पाळावेत. हायजीनचा प्रश्न आहे.' खाली अकरा अंगठे.

हायजीन? अहो, तुमचं बेसिन कोण घासतं? तुमच्या ताटातलं उष्टं कोण काढतं? त्या हातांनी घासलेल्या ताटात जेवता, आणि सात मजल्यांपुरती तिची हवा चालत नाही?

नदीपलीकडे पंचवटीत २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड माणसं घेऊन उभे राहिले होते. त्यांच्यासाठीही दार बंदच होतं, आणि तेव्हाही सांगायला रीतभात होतीच. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. शेवटी १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेब म्हणाले की हिंदू म्हणून मरणार नाही. हे अकरा अंगठेवाले दर १४ एप्रिलला त्यांचाच फोटो टाकतात. 'विनम्र अभिवादन', वर निळं हार्ट.

बुधवारी मावशी जिन्याने आल्या. मी ओरडले तर म्हणाल्या, "नको ताई, तुम्हाला बोलतील."

बोला ना मग! तोंडावर बोला, ग्रुपवर काय लपता? महिन्याला चार सुट्ट्या देताना जीव जातो तुमचा, आणि नियम शिकवता. उद्यापासून मावशी माझ्याबरोबर त्याच लिफ्टने येणार. ग्रुपमधून काढायचं तर काढा.