औषधाआधी पाणी बघा

शेततळ्यातल्या माशांच्या रोगांवरच्या एका लेखात म्हटलंय की माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले की खाद्यातून अँटिबायोटिक सुरू करा. हे अर्धंच झालं. चट्टे पाडणारा एरोमोनास जिवाणू गोड्या पाण्यात एरवीही असतोच. मासा ताणात आला की हा जिवाणू डोकं वर काढतो.

आमचं जालन्याकडचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. मागच्या एप्रिलमध्ये पाणी निम्म्यावर आलं, रोहू-कटला मासे मात्र तेवढेच, आणि आम्ही पेंड-कोंडा पहिल्यासारखाच टाकत राहिलो. पहाटे मासे हवेसाठी वर येऊन आ वासायचे, चार दिवसांत पोटाखाली लाल डाग. दुकानदाराने औषध गळ्यात मारलं, फरक शून्य. मग किट आणून पाणी तपासलं: दुपारी पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा) ९ च्या वर, म्हणजे फारच अल्क, आणि विष्ठा-उरलेल्या खाद्यातून होणारा अमोनियाही वाढलेला. पीएच आणि उष्णता चढली की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, हे मला तेव्हा कळलं. खाद्य बंद केलं, तळाचा गाळ उपसला, बोअरचं पाणी उंचावरून फवारून सोडलं, पहाटे मोटारीने पाणी फिरवलं. आठवड्यात मरतुक थांबली. बोअरला पाणी होतं म्हणून जमलं, नाहीतर आपल्याकडे एप्रिलात प्यायलाच टँकर!